स्वस्त ओलं सरपण महाग कसं पडतं?

पुण्यात ‘चुलीवरची मिसळ’ असा बोर्ड लावला की गिऱ्हाईक थांबतं. पण चुलीचा हिशोब किती जण करतात?

वखारीत सरपण वजनावर मिळतं. म्हणजे लाकडातल्या पाण्याचेही पैसे तुम्हीच देता. समजा, सुकं लाकूड १० रुपये किलो आणि त्यात पाणी २० टक्के. १०० किलोत खरं लाकूड ८० किलो, म्हणजे ते पडलं साडेबारा रुपये किलो. अर्धवट सुकलेलं ८ रुपयांनी मिळालं, पण पाणी ४० टक्के. खरं लाकूड ६० किलोच, पडलं १३ रुपये ३३ पैसे! शिवाय ते पाणी उडवण्यात आच वाया जाते. रस्सा उशिरा उकळतो, पातेली काळी होतात, गिऱ्हाईक डोळे चोळत उठतं.

ओळखायचं कसं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं टणटण वाजतं, ओलं बद्द. जळताना टोकाला फेस आला तर ओलंच समजा. शंका असेल तर एका तुकड्यावर खूण करून दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की वापरा.

पावसाळ्याचा साठा उन्हाळ्यातच घ्या. फोडून विटांवर रचा, वर पत्रा, बाजू मोकळ्या.

आणि धुराकडे कानाडोळा नको. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पुण्यात नवीन चूल बांधताना हेही हिशोबात धरा.