मागचं चाक का तापतं?

जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी, निफाड आणि पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यांवर द्राक्षांचे क्रेट भरलेल्या पिकअप दिवसरात्र धावत असतात. पावसाळा सरता सरता त्याच गाड्या टोमॅटो वाहतात, आणि लासलगावच्या कांद्याची ने-आण तर वर्षभर चालूच असते. नाशिकच्याच सातपूरला बनणारी बोलेरो २००० साली बाजारात आली. त्या घराण्यातल्या आणि इतरही कंपन्यांच्या दहा-पंधरा वर्षं राबलेल्या पिकअप आज गावोगावी दिसतात. या वयाच्या गाडीबद्दल चालकाची एक तक्रार हमखास ऐकू येते: गाडी जड चालते.

मग संशय इंजिनावर जातो. डिझेल फिल्टर बदलला जातो, इंजेक्टर तपासले जातात, क्लचवर खर्च होतो. खरा दोष पुष्कळदा मागच्या चाकात असतो. ब्रेकवरचा पाय उचलला तरी ब्रेक सुटलेला नसतो.

पिकअपला सहसा पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतो. लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये वापरात आणलेली ड्रमची कल्पना आजही मूळ रूपात टिकून आहे. चाकाबरोबर बिडाचा ड्रम फिरतो, आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात आणि त्यांवर लायनर बसवलेलं असतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो, तिथले पिस्टन शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला घासतं. पाय उचलला की स्प्रिंगा शूंना मागे खेचतात. हँडब्रेक केबलच्या ओढीने याच शूंना बाहेर ढकलतो. म्हणजे शू मागे न येण्याची कारणं तीनच गटांत बसतात: ऑइलचा दाब अडकला, केबल अडकली, किंवा ड्रमच्या आतला एखादा भाग अडकला.

हे तीन गट वेगळे न करता थेट ड्रम उघडून नवं लायनर टाकणं, ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. लायनर नवं येतं, दोष जुनाच राहतो, आणि महिन्याभरात नवं लायनरही जळतं.

आधी खात्री करावी. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर, ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी चालवावी आणि न्यूट्रलला ती आपोआप थांबू द्यावी. मग तळहाताची मागची बाजू दोन्ही मागच्या ड्रमांजवळ न्यावी, पण टेकवू नये. कोविडनंतर सगळीकडे पोचलेली तापमापक गन असेल तर उत्तम, मात्र ती जास्त तापमान मोजणारी असावी. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली, किंवा करपल्याचा वास आला, तर चाक धरतंय.

आता प्रश्न असा की एकच चाक तापतंय की दोन्ही? बहुतेक पिकअपमध्ये मागच्या अखंड ॲक्सलपर्यंत रबराचा एकच होज येतो आणि तिथून दोन्ही चाकांना धातूच्या नळ्या जातात. त्यामुळे होज आतून फुगून ऑइलची परतीची वाट अडली, तर सहसा दोन्ही चाकं धरतात. पुढचीही धरत असतील, तर पेडलला मोकळी चाल उरली आहे का आणि मास्टर सिलिंडर नीट सुटतो का, ते पाहावं. एकच मागचं चाक तापत असेल, तर दोष बहुधा त्याच चाकापाशी किंवा त्याच्या केबलमध्ये असतो.

वेळही खूप काही सांगून जाते. सकाळी गाडी हलत नाही आणि पहिल्या हिसक्याला ‘खट्’ आवाज होऊन सुटते, तेव्हा संशय गंजावर घ्यावा. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पावसात भिजलेली गाडी रात्रभर हँडब्रेक ओढून उभी राहिली, की शू ड्रमला चिकटतात आणि केबलच्या आवरणात पाणी मुरतं. उलट सकाळी मोकळी असलेली गाडी काही किलोमीटरनंतर जड होत जात असेल, तर दाब अडकलेला असण्याची शक्यता जास्त. ऑइल तापून प्रसरण पावतं आणि त्याला मागे जायला वाट मिळत नाही.

पुढची परीक्षा गॅरेजमध्ये, चाक धरलेलं असतानाच करावी. पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागची बाजू उचलावी, पक्क्या स्टँडवर टेकवावी, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडलेला असावा. चाक हाताने फिरवताना डिफरन्शियलचा थोडा जडपणा आणि लायनरची हलकी सरसर ही स्वाभाविक असते. जाम चाकाच्या व्हील सिलिंडरवरचा, ऑइल बाहेर सोडणारा निप्पल किंचित सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब अडकला होता. काही फरक पडला नाही, तर हँडब्रेकची केबल ढिली करावी. त्याने चाक सुटलं तर केबल दोषी. तरीही सुटलं नाही, तरच ड्रम उघडावा.

आत बहुधा जाम झालेला व्हील सिलिंडरचा पिस्टन, सैल पडलेली स्प्रिंग, जास्त आवळलेला ॲडजस्टर किंवा बॅकिंग प्लेटवर पडलेले खड्डे सापडतात. शेतातली काळी माती आत जाऊन बसलेलीही दिसते. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने कधीच उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर निघत नाहीत. पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसावं. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांसाठी ही काळजी मालकाने आग्रहाने घ्यायला हवी.

कसारा घाटात या दोषाची किंमत कळते. इगतपुरीहून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारे ३०० मीटर खाली उतरतो. तीन टनांची भरलेली गाडी तेवढं उतरताना सुमारे अडीच युनिट विजेइतकी ऊर्जा बाहेर टाकते. खालच्या गिअरमध्ये इंजिन तिचा बराच वाटा उचलतं, उरलेली उष्णता मुख्यतः ब्रेकमध्ये जाते. ड्रम आधीच तापलेला असेल तर ऑइल उकळू शकतं. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जातं.

म्हणून दुरुस्तीबरोबर ब्रेक ऑइलही बदलावं, आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच भरावं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून मिसळलं तर सगळे रबरी सील फुगतात. शू दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत. काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर घ्यावी; दोन्ही ड्रम सारखेच कोमट लागले, तरच गाडीत माल भरावा.