दोन्ही टोकांचा डबा

आमच्या विज्ञान-दालनातील छोट्या आगगाडीचे डबे निरनिराळ्या ठिकाणांहून भेट आलेले आहेत. ते सर्वच एकमेकांस का जोडता येत नाहीत, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. त्याचे कारण कपलिंगमध्ये आहे.

१:८७ प्रमाणाच्या या गाड्यांत प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात : युरोपीय गाड्यांचे कडी-आकड्याचे, जुन्या अमेरिकी गाड्यांचे शिंगासारख्या आकड्याचे आणि दुमडलेल्या बोटांप्रमाणे एकमेकांत गुंतणारे. हा तिसरा प्रकार खऱ्या अमेरिकी कपलिंगची प्रतिकृती होय. एली जॅनी यांनी १८७३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तत्पूर्वी दोन डब्यांमध्ये उभे राहून खीळ बसविताना अनेक कामगारांची बोटे, हात, प्रसंगी प्राणही गेले. अखेर १८९३ च्या कायद्याने तेथे स्वयंचलित कपलिंग बंधनकारक केले.

नवा संग्रह करणाऱ्याने एकच प्रकार निवडावा. अमेरिकी गाड्यांसाठी तिसरा उत्तम. मात्र जुने डबे टाकून देण्याचे कारण नाही. एका डब्याच्या एका टोकास जुने व दुसऱ्या टोकास नवे कपलिंग बसवावे. असा एकच डबा दोन्ही गटांना एका गाडीत आणतो. तिसऱ्या प्रकारात रुळापासून कपलिंगच्या मध्याची उंची सर्वत्र सारखी, सुमारे १० मिलिमीटर, ठेवावी. अन्यथा चढावर डबे सुटतात.

केवळ जोडणी वेगळी म्हणून आमचा एकही डबा आता कपाटात पडून नाही.