शाळेची वीज वाचते, पैसा कुठे जातो?

घरचे लाईट बिल आले की आपल्याकडे ते सगळ्यांच्या हातातून फिरते. युनिट किती पडले, मागच्या महिन्यापेक्षा वाढले का, पंखा रात्रभर कोणी चालू ठेवला, याची रीतसर चौकशी होते. पण आपली मुले जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या ज्या शाळेत दिवसाचे सहा तास काढतात, त्या शाळेचे बिल आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? बहुतेकांचे उत्तर ‘एकदाही नाही’ असेच येईल. सरकारी बिल सरकार भरते, त्यात आपण काय पाहायचे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत आपल्याच मुलांना महाग पडते, असे आमचे म्हणणे आहे.

सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांनी वीज कमी वापरावी म्हणून योजना आहेत, सवलती आहेत. त्या वाईट नाहीत. परंतु वाचलेल्या विजेचा पैसा कोणाच्या खात्यात राहतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. योजनेचे खरे मोल या एका प्रश्नावर ठरते.

विजेचा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच काळात. वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय देशात उद्योग वाढणार नाहीत आणि दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या विजेचा दिवा आज वस्तीतल्या शाळेत पेटतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

बिल कोण भरतो?

२०१८ साली समग्र शिक्षा अभियान सुरू झाले. त्यात सरकारी शाळांना वर्षाला एक संयुक्त शाळा अनुदान मिळते. पुढे ठरलेल्या रचनेप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये, असे त्याचे टप्पे आहेत. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. उरलेल्या पैशात खडू, कागद, शैक्षणिक साहित्य, किरकोळ दुरुस्ती, पाणी, इंटरनेट आणि वीजबिल.

आम्ही हिशेबाच्या धंद्यातले माणूस. ही यादी पाहिली की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की वीजबिल आणि मुलांचे साहित्य एकाच पिशवीतून जाते. बिल पाचशे रुपयांनी वाढले की नकाशा, गोष्टीची पुस्तके, विज्ञानाच्या प्रयोगाचे साहित्य यांपैकी काहीतरी पाचशे रुपयांनी कमी होते. ३० मुलांच्या शाळेला स्वच्छतेचे हजार रुपये वजा जाता वर्षाला नऊ हजारच उरतात. अशा शाळेचे बिल थकते. थकले की जोडणी तुटते. मग लोकवर्गणीतून आणलेला संगणक आणि भिंतीवरचा टीव्ही कापड झाकून बसतात. अशा बातम्या राज्याच्या कोणत्या ना कोणत्या तालुक्यातून येतच असतात.

महापालिकेच्या शाळेचे मात्र बहुधा उलटे असते. तेथे बिल परस्पर वरच्या कार्यालयातून भरले जाते. शाळेने वीज वाचविली तरी शाळेच्या हाती काही पडत नाही. म्हणून तेथे पंखे रिकाम्या वर्गातही फिरत राहतात. कोणाला दोष द्यावा असा हा प्रकार नाही. ज्याला फायदा नाही तो काळजी घेत नाही, एवढेच.

ट्यूब आधी, पंखा मागाहून

आता बचत किती होते ते आकड्यांनी पाहू. आठ खोल्यांची शाळा घ्या. प्रत्येक खोलीत दोन ट्यूब आणि दोन पंखे, म्हणजे एकूण १६ ट्यूब व १६ पंखे. जुनी ट्यूब चोकसकट सुमारे ५२ वॅट खाते, एलईडी ट्यूब २० वॅट. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा सुमारे २८ वॅट. शाळा दिवसाला सहा तास, वर्षाला २२० दिवस. सगळे सतत चालू धरले तर जुन्या सामानाला वर्षाला सुमारे २६८० युनिट लागतील आणि नव्याला सुमारे १०१५. वाचले साडेसोळाशेहून थोडे अधिक. युनिटला सरासरी ६ रुपये धरले तर दहा हजार रुपये झाले.

प्रत्यक्षात हिवाळ्यात पंखे बंद असतात, स्वच्छ ऊन असेल तर ट्यूबही लागत नाही. स्थिर आकारही तसाच राहतो. म्हणून निम्मीच बचत धरा. तरी वर्षाला पाच हजार झाले. ५० हजार अनुदान घेणाऱ्या शाळेचा तो दहावा हिस्सा आहे.

पण एका पोटात दोन हिशेब आहेत, ते वेगळे केले पाहिजेत. वरच्या पूर्ण वापराच्या हिशेबाने एक ट्यूब वर्षाला सुमारे अडीचशे रुपये वाचविते, आणि तिची किंमतही साधारण तेवढीच आहे. वापर निम्मा धरला तरी दोन वर्षांत पैसे वसूल. पंखा मात्र वर्षाला पावणेचारशे वाचवितो आणि त्याला अडीच-तीन हजार पडतात. म्हणजे पूर्ण वापरातही सात-आठ वर्षे, निम्म्या वापरात त्याच्या दुप्पट. म्हणून पैसा थोडा असेल तर ट्यूब आधी बदलाव्यात. चालता पंखा उगाच काढू नये. तो जळाला की मात्र पुन्हा वाइंडिंग करीत बसण्यापेक्षा कमी विजेचा नवा घ्यावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर तारांकनाचे लेबल सक्तीचे झाले आहे. दुकानदाराचे तोंड न पाहता ते लेबल पाहावे.

खर्च कंपनीचा, फेड बचतीतून

वीज वाचविण्यासाठी आधी पैसा घालावा लागतो, आणि सरकारी कार्यालयाकडे त्या मथळ्याखाली तरतूद नसते. यावर एक तोड निघाली. केंद्र सरकारच्या वीज कंपन्यांनी मिळून काढलेली ईईएसएल ही कंपनी स्वतःच्या खर्चाने दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे बदलून देते आणि बिलात जी बचत होते तिच्यातून हप्त्याने पैसे परत घेते. सरकारी इमारतींसाठी हा कार्यक्रम २०१७ च्या सुमारास जोरात आला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानेही २०१७ साली या कंपनीशी करार केला. देशभरात दहा हजारांहून अधिक इमारतींत हे काम झाले आहे.

याच कंपनीने ‘उजाला’ योजनेत घरगुती एलईडी बल्ब वाटले. ५ जानेवारी २०१५ रोजी ती योजना सुरू झाली आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब गेले. २०१४ च्या सुरुवातीला कंपनीला जो बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. एकगठ्ठा खरेदीची ही ताकद आहे. आपल्या घरातल्या एलईडी बल्बच्या उतरलेल्या किमतीमागे हेच कारण आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बचतीतून फेड करण्याची पद्धत मोठ्या इमारतीला मानवते. मंत्रालयासारख्या ठिकाणी बिल लाखांत, वातानुकूलन यंत्रे शेकड्यांनी. २०२० पासून नव्या तारांकित यंत्रांत २४ अंश हे तापमान आधीच लावून येते. एक अंश वाढविला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता विभाग सांगतो. अशा इमारतीत कंपनीचे पैसे लवकर सुटतात. दोन खोल्यांच्या वस्तीशाळेत चार ट्यूब आणि चार पंखे. वर्षाची बचत हजार-दीड हजार. तिच्या दारी कोणती कंपनी येणार? त्यातून बिल थकलेले असेल तर बोलणेच खुंटले. ज्याचे बिल मोठे त्याला सोय, आणि ज्याला बिल भरता येत नाही तो अंधारात, असा हा न्याय होतो. लहान शाळेला हप्ता उपयोगाचा नाही. तिला सरळ अनुदानातून सामान मिळाले पाहिजे, आणि ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

छतावरचे ऊन

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिचे घरासाठीचे अनुदान जास्तीत जास्त ७८ हजार रुपये आहे. पुष्कळ लोकांचा असा समज आहे की शाळेलाही ते मिळते. तसे नाही, ते अनुदान घरांसाठी आहे. शाळेच्या छतावर सौर संच बसविण्यासाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी, स्थानिक संस्थेचा निधी, किंवा कंपनीने संच बसवून शाळेने तिला युनिटप्रमाणे पैसे देणे, असे मार्ग आहेत. पुण्याला मुख्यालय असलेली महाऊर्जा ही सरकारी संस्था या कामात मार्गदर्शन करते.

शाळेला सौर वीज विशेष सोयीची आहे, कारण शाळा उन्हातच भरते. मे महिन्यात शाळा बंद असते तेव्हाची वीज वाया जात नाही. नेट मीटर असल्यास ती खात्यावर जमा होते आणि जूनपासूनच्या बिलात वळती होते, कारण वर्षाचा हिशेब मार्चअखेर मिटतो. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याची वाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. तेथे घरांबरोबर सार्वजनिक जोडण्याही सौर विजेवर आल्या आहेत. गाव लहान, पण एकजुटीने काम झाले.

पालकांनी काय करावे?

शिक्षण हक्क कायदा २००९ ने शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे आणि शाळेचा विकास आराखडा करणे ही या समितीची कामे आहेत. समितीत आपल्या माता-भगिनी आहेत, पण बहुतेक वेळा त्यांना सहीपुरते बोलावले जाते.

पुढच्या सभेत त्यांनी एवढेच करावे. गेल्या बारा महिन्यांची बिले मागावीत. बिलावर शाळेचा वर्ग पाहावा. सरकारी शाळेला सार्वजनिक सेवा गटाचा दर लागतो, चुकून वाणिज्य दर लागला असेल तर लेखी अर्ज द्यावा. मंजूर भार गरजेपेक्षा जास्त दाखविला आहे का ते विचारावे. कोणत्या तारखेपर्यंत भरल्यास किती आणि उशीर झाल्यास किती, हे बिलावर छापलेले असते. अनुदान उशिरा आले म्हणून किती दंड भरला, ते मोजावे. सुट्टीच्या महिन्यातही युनिट पडत असतील तर वीज कुठे जाते ते शोधावे. मग जुन्या ट्यूब बदलण्याचा ठराव करावा आणि त्या ठरावात एक वाक्य आवर्जून घालावे : वाचलेली रक्कम मुलांच्या साहित्यावर खर्च होईल. महापालिकेच्या शाळेत हीच मागणी नगरसेवकाकडे आणि शिक्षण विभागाकडे लेखी करावी, की बचतीचा हिस्सा त्या शाळेला मिळावा.

ठरावाची नक्कल जपून ठेवावी. वर्षाने नवी बिले जुन्या बिलांशेजारी ठेवून आकडे सभेत मोठ्याने वाचावेत. आकडा वाचणाऱ्या बाईला कोणी सहीपुरते बोलावीत नाही.