लॅपटॉप घेताय? आधी बोट फिरवून पाहा!

मैत्रिणींनो, लॅपटॉप घ्यायला गेलं की आपण रंग पाहतो, यजमान किंमत विचारतात. पण ज्यावर आपलं बोट रोज फिरायचं, ते कुणी तपासतच नाही!

पडद्यावरचा बाण हलवायच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली गोळ्याची. १९९१ च्या अ‍ॅपल पॉवरबुकमध्ये कळांच्या अलीकडे गोळा होता. तो अंगठ्याने फिरवायचा. पण त्यात धूळ साठे, काढून पुसावा लागे. ही तऱ्हा आता मागे पडली.

दुसरी लाल बोंडाची. १९९२ साली आयबीएमच्या थिंकपॅडवर जी, एच आणि बी या कळांच्या मधे ते आलं. आजही लेनोवोच्या अनेक थिंकपॅडवर मिळतं. जिकडे रेटाल तिकडे बाण जातो. जोर वाढवला की वेग वाढतो. हात कळांवरून उचलावा लागत नाही, म्हणून खूप टाइप करणारीला सोयीचं. सवयीला मात्र थोडे दिवस द्यावेत.

तिसरी टचपॅडची सपाट पाटी. शिकायला सर्वांत सोपी. दोन बोटं सरकवली की पान वर-खाली होतं. बोटामुळे पाटीवरचा विद्युतभार बदलतो, तो यंत्राला कळतो. म्हणूनच ओल्या हातांनी बाण सैरभैर होतो. भांडी विसळून उठलात, तर आधी हात कोरडे करा!

कणीक मळून, कपडे पिळून आपलं मनगट आधीच दमलेलं असतं. तेव्हा दुकानात संकोच नको. खुर्ची मागून घ्या, निवांत बसून दहा ओळी टाइप करा, बाण फिरवून पाहा. मनगट अवघडलं नाही, तरच पैसे मोजा!