संसाराचा पुरावा

विवाह खरा आहे हें कागदोपत्रीं सिद्ध करण्याची वेळ महाराष्ट्रीय कुटुंबांत सहसा कोणावर येत नाहीं. अंतरपाट दूर झाला, सप्तपदी पार पडली, पंगती उठल्या, म्हणजे लग्न लागलें; त्यावर पुन्हां शंका घेणारा कोणी भेटत नाहीं. परंतु पतिपत्नींपैकीं एक परदेशांत स्थायिक असेल आणि दुसऱ्यास तेथें जाऊन राहावयाचें असेल, तर त्या देशाचें सरकार निराळाच प्रश्न विचारतें. हें लग्न खरोखर संसारासाठीं झालें आहे, कीं केवळ देशांत प्रवेश मिळविण्यासाठीं? या प्रश्नाच्या उत्तरावर त्या दोघांचें एकत्र राहणें अवलंबून असतें.

प्रश्न जुना आहे. त्याचें स्वरूप मात्र पालटत आलें आहे. दक्षिण आफ्रिकेंत केप प्रांताच्या न्यायालयांत न्यायमूर्ति सर्ल यांनीं मार्च १९१३ मध्यें असा निकाल दिला कीं, बहुपत्नीकत्वास मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीनें लागलेलें लग्न तेथील कायद्यास मान्य नाहीं. या निकालानें असंख्य हिंदी स्त्रियांचें पत्नीपदच संशयांत आलें. त्याच वर्षीं कस्तुरबा गांधी व इतर स्त्रिया सत्याग्रहांत उतरून कारावासांत गेल्या, आणि १९१४ च्या कायद्यानें एकपत्नीक हिंदी विवाहांस मान्यता मिळाली. तेथें वाद विधीचा होता. पुढें ब्रिटननें १९८० पासून हेतूची परीक्षा आरंभिली. आपल्या लग्नाचा मुख्य हेतु ब्रिटनमध्यें प्रवेश मिळविणें हा नव्हता, असें परदेशीय पतीनें सिद्ध करावयाचें होतें. मनांत अमुक हेतु नव्हता हें दाखविणें किती कठीण, हें सांगावयास नको. अनेक खरीं जोडपीं या नियमापायीं ताटातुटींत राहिलीं. अखेर १९९७ सालीं तो रद्द झाला.

ऑस्ट्रेलियाचा कायदा विधि व हेतु यांच्यापुढें जाऊन प्रत्यक्ष संसाराकडे पाहतो. १९५८ च्या स्थलांतर कायद्याप्रमाणें विवाह कायदेशीर असावा, दोघांनीं इतर सर्वांस वगळून एकमेकांशीं सहजीवनाचा निश्चय केलेला असावा, संबंध खरा व चालू असावा, आणि दोघें एकत्र राहत असावींत. निदान कायमचीं विभक्त राहत नसावींत. या शेवटच्या शब्दांचें महत्त्व मोठें आहे. लग्नानंतर पति नोकरीवर मेलबर्नला परतला आणि पत्नी व्हिसाची वाट पाहत पुण्यास राहिली, तर तेवढ्यानें त्यांचा संसार खोटा ठरत नाहीं. अविवाहित जोडप्यांस सामान्यतः बारा महिन्यांच्या सहजीवनाची अट असते. विवाहितांस ती नाहीं.

विवाहनोंदणीचा दाखला अर्थातच हवा. परंतु तो लग्नाचा दिवस सिद्ध करतो. नंतरचे दिवस सिद्ध करीत नाहीं. त्यासाठीं १९९४ च्या नियमांत चार अंगें सांगितलीं आहेत.

पहिलें अंग पैशाचें. दोघांच्या नांवचें खातें, घरभाडें, कर्ज, विमा, रोजचा खर्च कोण व कसा भागवितो, हें यांत येतें. अर्जाच्या आदल्या आठवड्यांत उघडलेलें कोरें खातें फारसें बोलत नाहीं. उलट महिनोगणती घरखर्चासाठीं पाठविलेल्या लहान रकमा पुष्कळ सांगतात. दुसरें अंग गृहस्थीचें. मुलांची जबाबदारी, राहण्याची व्यवस्था, घरकामाची वांटणी यांचा येथें विचार होतो. नववधू सासरीं राहत असेल तर घर सासऱ्यांच्या नांवावर असणें स्वाभाविक आहे. पण एकत्र कुटुंबाची ही रीत परदेशीय अधिकाऱ्यास ठाऊक असेलच असें नाहीं, म्हणून ती लेखी सांगावी आणि त्या पत्त्यावर आलेलीं पत्रें जोडावीं. तिसरें अंग समाजाचें. आप्तेष्ट या दोघांस पतिपत्नी म्हणून ओळखतात काय? यासाठीं ऑस्ट्रेलियाच्या प्रौढ नागरिकांनीं किंवा कायम रहिवाशांनीं ८८८ क्रमांकाच्या नमुन्यावर निवेदन द्यावयाचें असतें. “जोडपें चांगलें आहे” एवढेंच लिहिणाऱ्या साक्षीदारापेक्षां, दोघांस केव्हां, कोठें पाहिलें हें सांगणारा साक्षीदार उपयोगी. चौथें अंग निष्ठेचें. संबंधाचा काळ, एकत्र राहिलेला काळ, अडचणींतला आधार आणि पुढील आयुष्याचा विचार यांवरून तें जोखतात. ताटातुटीच्या काळांतील नित्याचे दूरध्वनि व संदेश येथें कामीं येतात. यांपैकीं एकाच अंगावर निकाल होत नाहीं. सर्वांचा एकत्र विचार करावयाचा असतो.

ठरवून झालेल्या लग्नांत खरी अडचण निराळीच असते. दोन भेटी, पत्रिका, बैठक आणि महिन्याभरांत लग्न, हा क्रम येथें नित्याचा. परक्या अधिकाऱ्यास तो घाईचा वाटूं शकतो. म्हणून कांहीं जण दीर्घ प्रेमपरिचयाची कथा रचतात, आणि तेथेंच घात होतो. दोघांच्या हकीकतींत साखरपुड्याच्या तारखेपासून विसंगति दिसूं लागते. स्थळ कोणी सुचविलें, कोणत्या गोष्टी पाहून होकार दिला, लग्नानंतर ओळख कशी वाढली, हें जसें घडलें तसें सांगावें. ठरवून केलेलें लग्न त्या कायद्यास अमान्य नाहीं. बनावट लग्न अमान्य आहे. खोटा कागद दिल्यास तीन वर्षें व्हिसाचीं दारें बंद होऊं शकतात, आणि निवासहक्कासाठीं दुसऱ्याचें बनावट लग्न जुळवून देणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो.

हा व्हिसा सामान्यतः दोन टप्प्यांत मिळतो. प्रथम तात्पुरता, आणि अर्जास दोन वर्षें झाल्यावर संबंध टिकून असल्याची खात्री करून कायमचा. मुलीच्या माहेरच्यांनीं येथें एक गोष्ट जाणून ठेवावी. पहिल्या व्हिसावर गेलेल्या पत्नीस घरांत छळ सोसावा लागून संबंध तुटला, तर परत धाडतील या भयानें तिनें मुकाट राहण्याचें कारण नाहीं. अशा छळास बळी पडलेल्यांस कायम व्हिसा मिळूं शकेल अशी तरतूद नियमांत आहे. तसेंच अर्ज फेटाळला गेल्यास सामान्यतः फेरविचाराचा मार्ग असतो. ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर ऑक्टोबर २०२४ पासून हें काम नव्या प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे आलें आहे. मुदत मात्र चुकवूं नये.

सारांश, पुरावा अर्जाच्या वेळीं निर्माण करावयाचा नसतो. तो संसाराबरोबर आपोआप सांचत असतो. प्रवासाचीं तिकिटें, पैसे धाडल्याच्या पावत्या, सणासमारंभांचीं छायाचित्रें, दवाखान्याचे कागद हीं लग्नाच्या दिवसापासून तारीखवार जपून ठेवावीं. मराठी कागदांचें इंग्रजी भाषांतर करून घ्यावें, आणि दोघांनींहि आपापली हकीकत स्वतःच्या शब्दांत, निरनिराळी लिहावी. खऱ्या जोडप्यास याहून अधिक कांहीं करावें लागत नाहीं. परंतु एवढें केलें नाहीं, तर खरें असूनहि त्यास दूर राहावें लागण्याचा संभव असतो.