हिवरे बाजार: माणूस मोठा, की गावाचे नियम?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार म्हटलं की पोपटराव पवारांचं नाव येतंच. एम.कॉम. झालेला हा तरुण १९८९ मध्ये सरपंच झाला, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मान रास्तच आहे. पण हजार-बाराशे वस्तीच्या या गावाचं सगळं श्रेय एका माणसाला देणं मला पटत नाही. गाव टिकलंय ते ग्रामसभेने घालून घेतलेल्या बंधनांवर: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. आणि सर्वांत अवघड म्हणजे शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही. दरवर्षी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात, पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग उरेल त्यावर रब्बीचं पीक. पाऊस कमी झाला तर पेरा कमी.

कुणी म्हणेल, आदर्श गाव योजनेचा पैसा होता. होता, पण तो इतर गावांनाही मिळाला, आणि सलग समतल चर खणून देणारी योजना शेजाऱ्याच्या बोअरवर लक्ष ठेवत नाही. गाव लहान म्हणून जमलं, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकमेकांना ओळखणाऱ्या वस्तीत नियम मोडणं लपत नाही, हे खरंच. पण महाराष्ट्रात एवढ्याच वस्तीची गावं हजारोंनी आहेत आणि कित्येकांच्या दारात उन्हाळ्यात टँकर उभा असतो. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: यंदा पाऊस किती झाला आणि विहिरीत पाणी किती आहे?