मुरगाव बंदरातली ती रात्र

आपल्या धनजहून कारंज्याला निघालं की एस. टी.च्या खिडकीतून कपाशी दिसते, तूर दिसते; जहाज काही दिसत नाही! म्हणून आज तुम्हाला थेट समुद्रावर नेतो. गोव्यातल्या मुरगाव बंदरात. साल १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं.

९ मार्चची रात्र. बंदरात चार मोठी मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी होती. एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मनीची, तर आन्फोरा इटलीचं. एकाएकी एरेनफेल्सवर धूर, ज्वाळा, आरडाओरडा! पाठोपाठ बाकीची तिन्ही जहाजंही पेटली. एरेनफेल्सचा कप्तान रोफर आणि काही खलाशी ठार झाले. चारही जहाजं बुडाली.

हे कोणी केलं? चला, आपणच तपास करू या.

पहिला प्रश्न : ही जहाजं तिथं आली कशी? १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा समुद्रावर इंग्रजांचं आरमार टपून बसलेलं होतं. गोवा मात्र पोर्तुगालच्या ताब्यात, आणि पोर्तुगाल तटस्थ. म्हणजे कुणाच्याच बाजूचा नाही. दोन घरांचं भांडण चाललंय आणि तुम्ही तिसऱ्याच्या अंगणात जाऊन उभे राहिलात, तर तिथं येऊन कुणी तुम्हाला मारायचं नाही, असा तो नियम. जर्मन जहाजं त्या अंगणात शिरली. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आन्फोराही आलं. पण बाहेर पडलं की पकडले जाणार! म्हणून खलाशी तिथंच वर्षानुवर्षं अडकले. त्यांच्यासाठी गोवा म्हणजे जणू एक बेटच झालं.

दुसरा प्रश्न : ही जहाजं कुणाला खुपत होती? अर्थात इंग्रजांना. त्यांना संशय होता, की एरेनफेल्सवर चोरून ठेवलेलं बिनतारी यंत्र आहे आणि त्यावरून जर्मन पाणबुड्यांना इंग्रजी जहाजांची खबर जाते. १९४२ च्या अखेरीस त्यांच्या माणसांनी गोव्यातून रॉबर्ट कोख या संशयित जर्मन हेराला आणि त्याच्या बायकोला गुपचूप पळवून नेलं होतं.

पण बंदरावर आरमार कसं पाठवणार? नियम मोडल्याचा बोभाटा जगभर झाला असता. मग इंग्रजांच्या गुप्त कारवायांच्या खात्याने एक अफलातून युक्ती काढली. कलकत्त्यात 'कलकत्ता लाइट हॉर्स' नावाचं हौशी घोडेस्वारांचं पथक होतं. त्यातले बरेच जण व्यापारी नि कंपन्यांतले साहेब, कित्येकांची चाळिशी उलटलेली! त्यांच्यातले आणि 'कलकत्ता स्कॉटिश' पथकातले मिळून जेमतेम अठरा जण निवडले. 'फीबी' नावाची गाळ वाहणारी बोट कलकत्त्याहून लंकेला वळसा घालून कोचीनला आली. ही मंडळी आगगाडीने कोचीनला पोचली आणि तिथं बोटीत बसली.

गोव्यात तेव्हा कार्निव्हलचे दिवस होते. बरेच जहाजी अधिकारी किनाऱ्यावर मेजवानीला गेलेले. अंधारात फीबी एरेनफेल्सला भिडली. शिड्या लागल्या, गोळ्या सुटल्या, कप्तान रोफर पडला.

आग मात्र खलाशांनीच लावली, बरं का! शत्रूच्या हाती जहाज जाऊ द्यायचं नाही, म्हणून त्यांनी तळाच्या झडपा उघडून समुद्राचं पाणी आत घेतलं. ते पाहून बाकीच्या तिघांनीही आपापली जहाजं पेटवून बुडवली. फीबी अंधारात पसार झाली. ठपका आला तो खलाशांवर, आणि कैदेत पडले तेही खलाशीच!

खरी हकिगत जगाला सविस्तर कळली ती १९७८ मध्ये, जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून. पुढे १९८० मध्ये 'द सी वूल्व्ज' हा चित्रपटही आला.

झाला तपास पूर्ण? थांबा! एक गाठ अजून सुटायची आहे. मार्च १९४३ मध्ये हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्या मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला, म्हणजे गोव्यापासून हजारो किलोमीटर दूर, जहाजं बुडवत होत्या. म्हणून काही अभ्यासक विचारतात, की एरेनफेल्सवरून खरोखरच त्यांना खबर जात होती का?

वर्गात पेन हरवलं की आपण शेजारच्या बाकाकडे बोट दाखवतो. पेन दप्तरातच सापडलं तर 'चुकलो' म्हणता येतं. रोफर आणि त्याच्या खलाशांना मात्र 'चुकलो' म्हणायला कुणी येणार नव्हतं. संशय वेगळा, पुरावा वेगळा, तो असा.

आज रात्री जेवताना आईबाबांनाही ही गोष्ट सांगा आणि विचारा : तुम्ही न्यायाधीश असता, तर कुणाला दोषी ठरवलं असतं?